मोजलेला भात

“उन्नती, घरी जा आणि पुन्हा नीट मोज. तुझ्या घरात पाच नाही, सहा माणसं जेवतात,” असं वर्तक मॅडम म्हणाल्या तेव्हा अख्खा वर्ग हसला होता. उन्नतीही हसली होती. पण आता नारपोलीच्या घरी, मागच्या स्वयंपाकघरात भाताच्या टोपापुढं उकिडवी बसल्यावर तिला त्यात हसण्यासारखं काही सापडेना.

होम सायन्सच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येक मुलीनं आपल्या घरचा आहार तोलून काढायचा असतो. शिजलेलं अन्न तोलायचं, ताटात पडतं ते तोलायचं, उष्टं तोलायचं आणि टोपात उरलेलंही. टोपातून जेवढं गेलं तेवढं माणसांच्या पोटात गेलेलं दिसलं पाहिजे, इतका साधा मामला. घरात माणसं पाच. भाऊ, म्हणजे तिचे वडील, ज्यांना सगळी नारपोली भाऊच म्हणते. आई कमळ. थोरला प्रितम, त्याची बायको करिष्मा, आणि ही. तरी दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा काटा लावला तेव्हापासून टोपातून जास्त जात होतं आणि ताटांत कमी पडत होतं. तूट कधी फार नसे आणि कधी चुकतही नसे. एका बाईमाणसाचं जेवण, तेवढीच.

मांजर म्हणावं तर तिनं झाकणावर वरवंटा ठेवून पाहिला. शेजारच्या पॉवरलूमच्या शेडमधली पोरं म्हणावी तर मागच्या दाराला कडी होती. एकदा तर तिनं वहिनीवरच संशय घेतला आणि करिष्मानं आठवडाभर तोंड फिरवलं. “मी चोरून खाते? ते पण गार भात? खायचंच असेल तर मी तुझ्या दादाला वडापाव आणायला सांगेन गं!” म्हणाली, आणि तिचं म्हणणं खरंच होतं.

आईला मात्र विचारायची सोयच नव्हती. काटा बाहेर काढला की कमळचा चेहरा उतरायचा. “शिजला भात मोजू नये गो,” एवढंच ती म्हणायची. “तुझ्या आजीनं मना लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. या घरात भात वाढायचा, मोजायचा न्हाय.”

“का पण?”

“बरकत जाते.”

हे काही उत्तर नव्हतं, पण भाऊच्या घरात प्रश्न विचारणाऱ्याला इतकंच मिळायचं.

होळीला उन्नती घरी आली तेव्हा या भानगडीची बातमी वळ गावापर्यंत पोचली होती. बातमी पोचली म्हणजे गोदूआत्या पोचणार. भाऊची ही धाकटी बहीण वळला दिलेली. तिच्या सासरच्या खाचरांवर आता गोदामं उभी होती आणि तिच्या बोलण्यावर सगळ्या गणगोताची लग्नं ठरत होती. गुरुवारी सकाळी ती रिक्षातून उतरली, चपला दारात काढल्या आणि चहाखेरीज काही नको म्हणाली, कारण तिचा गुरुवारचा उपास. मग सोफ्यावर मांडी घालून तिनं उन्नतीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आत्याचा उन्नतीवर एक जुना राग होता. पहिल्या वर्षाला असताना या पोरीनं आत्याच्या मानाच्या रेशमी लुगड्याचा धागा काडीनं पेटवला होता आणि तो वितळून गोळी झाल्यावर भर मांडवात जाहीर केलं होतं की हे रेशीम नाही, पॉलिएस्टर आहे. भिवंडीत राहून कापडाची परीक्षा करणं चुकीचं नाही, पण ती कुणाच्या अंगावरच्या लुगड्यावर करू नये.

“भाऊ, सरळ सांगतंय,” आत्या म्हणाली. “रांधा, वाढा, उष्टी काढा, याची पण आता कालेजात परीक्षा होते, हे मी ऐकून घेतलं. शिकवलास तेवढा पुरे. आमच्या दिराचा पोरगा, भूपेश. गोदामाचं सगळं तोच बघतो. त्यांनी उन्नतीलाच मागितलीय. अक्षय तृतीयेला उरकून टाक.”

“परीक्षा मेच्या अखेरीस आहे आत्या,” उन्नती म्हणाली. “शेवटची टर्म राहिलीय. ती दिली नाही तर तीन वर्षं पाण्यात.”

“पाण्यात जातील तं जातील. घरात काय चाललंय ते बघ आधी! शिजल्या भाताला काटा लावतेस. घराचं तोंड उघडलंस तू. आता ते खातंय.”

 बाहेर लूमची खटखट चालू होती. नारपोलीत ती इतकी कायमची असते की तिथल्या माणसांना ती ऐकू येत नाही. उन्नतीला त्या क्षणी ती ऐकू आली आणि बरं वाटलं.

प्रितम मोबाइल खाली-वर करत होता. भूपेशच्या बापाच्या जागेला लागून त्याला गोदाम बांधायचं होतं, त्यामुळं या सोयरिकीत त्याचं मन आधीच अर्धं गुंतलेलं होतं. “आत्या म्हणतेय ते अगदीच चूक नाही,” तो म्हणाला. “लग्नानंतर पण परीक्षा देता येते.”

“कुणी दिलीय आपल्यात? नाव सांग एक,” करिष्मा दारातून म्हणाली. हिनं बारावीनंतर लग्न केलं होतं आणि फॉर्म भरूनही परीक्षेला बसता आलं नव्हतं. भात चोरल्याचा आळ ती विसरली नव्हती, तरी ती नणंदेच्या बाजूनं उभी राहिली. उन्नतीला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं.

“भाऊ, तुम्ही सांगा,” उन्नती म्हणाली.

भाऊनं सगळ्यांकडं पाहिलं. हा माणूस पंचायतीत भल्याभल्यांना गप्प करायचा, पण घरातल्या निर्णयाच्या वेळी त्याला दुसऱ्या कुणीतरी निकाल द्यावा असं वाटायचं. “एक काम करू,” तो म्हणाला. “आजचं जेवण गोदूच्या डोळ्यांसमोर मोज. दारं लावून. हिशोब जुळला तं ही भुताटकी न्हाय, तुझी चूक होती. मग जा कालेजात. न्हाय जुळला तं गोदू म्हणते तसं.”

“आणि चूक माझी ठरली तरी जाऊ?”

“जा म्हंजे जा.”

कमळनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. भाऊनं तिच्याकडं नुसतं बघितलं आणि ते मिटलं.

नवं घर पुढं बांधलं तरी मागचं कौलारू स्वयंपाकघर भाऊनं पाडलं नव्हतं. त्याला लागूनच कोठीची खोली होती. पूर्वी तिथं वर्षाचं भात कणगीत राहायचं. जमिनी गेल्या, कणग्या गेल्या, पण खोलीचं कुलूप राहिलं. उन्नतीच्या आठवणीत ती खोली कधी उघडलीच नव्हती. कालेजचं सामान ठेवायला जागा हवी म्हणून तिनंच दिवाळीत भाऊच्या मागं लागून कुलूप तोडून घेतलं, चुना मारला, टेबल टाकलं. आईनं त्या दिवशी जेवण केलं नव्हतं. भाऊ त्या खोलीचा उंबरा अजून ओलांडत नव्हता. तिचा अभ्यास बघायचा असला तरी बाहेर चटईवर बसून तो तिला पुस्तकं तिथं आणायला सांगायचा.

दुपारी आत्यानं सगळा कारभार हातात घेतला. मागच्या दाराला स्वतः कडी घातली, त्याला टेकून स्टूल ठेवलं आणि त्यावर ठाण मांडून बसली. तिथून तिला काटाही दिसत होता, टोपही, आणि कोण कुठं हात घालतो तेही. “आता मुंगी पण जाणार न्हाय,” ती म्हणाली.

बेत साधा होता. भात आणि वालाचं बिरडं. उन्नतीनं दोन्ही टोप तोलले. एरवी आई सगळ्यांच्या मागून जेवते, पण आज तिनं आईलाही सोबत बसायला लावलं. कमळ ताट पुढं करायची, उन्नती ते रिकामं तोलायची, भात पडला की तोलायची, बिरडं पडलं की तोलायची, मग ताट पाटापुढं जायचं. कमळनं ताटं ओळीनं मांडली. भाऊचं, प्रितमचं, करिष्माचं, उन्नतीचं, स्वतःचं, आणि ओळीच्या टोकाला, कोठीच्या दाराशी, आणखी एक. प्रत्येकापुढं पाण्याचा पेला. तोलण्याच्या गडबडीत उन्नतीनं सहावं ताट आत्याचं धरलं. सकाळचा चहा आणि त्यावेळी आत्या काय म्हणाली होती ते तिच्या डोक्यातून साफ गेलं होतं. माणसाचं लक्ष काट्यावर असलं की बाकीचं दिसत नाही.

पहिला घास उचलायचा आणि लाइट जायची एकच वेळ झाली.

लोडशेडिंगची सवय कुणाला नव्हती! पंखा थांबला. त्याबरोबर बाहेरची खटखट थांबली, आधी शेजारच्या शेडची, मग पुढच्या गल्लीची, मग सगळ्या नारपोलीची. दारं लावलेली, कौलांखाली उजेड जाळीतून आला तेवढाच. करिष्मानं “अगंबाई” म्हटलं, प्रितमनं शिवी हासडली, आणि मग सगळे तसेच अंधुकात जेवायला लागले, कारण भात गार होत होता.

इतकी शांतता त्या घरात कधी नसायची. उन्नतीला स्वतःच्या दातांचा आवाज ऐकू येत होता. भाऊ जेवताना नाकानं श्वास सोडायचा, तो ऐकू आला. प्रितम बोटं चाटायचा, तो आवाज आला. आईच्या बांगड्या. वहिनीचं घाईघाईचं जेवण. आणि ओळीच्या टोकाकडून कुणीतरी भात कालवत होतं. सावकाश, दाबून, प्रत्येक शीत वेगळं चाचपून बघितल्यासारखं. मग घोट घेतल्याचा आवाज आला. मोठा घोट. मग पुन्हा एक, श्वास न घेता, पेला संपेपर्यंत.

आत्याला तहान लागली असेल, असं उन्नतीच्या मनात आलं. तिनं मान वळवली नाही. का वळवली नाही हे तिला पुढं कधी नीट सांगता आलं नाही. मानेवर गार वारं आल्यासारखं झालं आणि तिला वाटलं, आपण समोर बघून जेवलेलं बरं.

जेवणं झाली. भाऊनं उठून मधलं दार उघडलं तसा पुढच्या घरातला उजेड आत आला. उन्नतीनं टोप तोलले, सगळी ताटं ओळीनं तोलली. कुणी काही टाकलं नव्हतं. मग कॅल्क्युलेटर जवळ ओढला. तिनं एकदा केलं, पुसलं, परत केलं.

“जुळलं,” ती म्हणाली. मग ओरडलीच. “भाऊ, जुळलं! काही तूट नाही! टोपातलं सगळं ताटांत आहे आणि ताटातलं सगळं पोटात!”

“झाली पोरगी पास!” प्रितमनं टाळी दिली. भूपेशच्या बापाची जागा त्या क्षणी तो विसरला. मनाचा वाईट नव्हताच तो. करिष्मानं नणंदेच्या दंडाला चिमटा काढला. भाऊच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की तो दहा वर्षांनी लहान दिसला. “जा बाय,” तो म्हणाला. “तुझंच खरं. परीक्षा दे.”

उन्नतीला हसू आणि रडू एकदम आलं. शेवटची टर्म. लॅब, मैत्रिणी, वर्तक मॅडमच्या शिव्या, सगळं पुन्हा तिचं झालं होतं.

“पाच जेवली,” गोदूआत्या म्हणाली.

ती अजून मागच्या दाराला पाठ लावून स्टुलावर बसली होती.

“काय?” भाऊ म्हणाला.

“ताटं सहा मोजली पोरीनं. जेवली पाच. माझा तं उपास हाय, भाऊ. मी इथून उठली न्हाय.”

सगळ्यांनी ओळीच्या टोकाकडं पाहिलं. पाटापुढचं ताट लख्ख होतं. कडेला बोटांनी निपटून घेतल्याच्या रेघा होत्या, चार बारीक रेघा, बाईच्या हाताच्या. करिष्मा प्रितमच्या मागं सरकली. “हे ताट मांडलं कुणी?” तिनं विचारलं, आणि तिचा आवाज चिरकला.

भाऊ ताटाकडं बघतच नव्हता. तो शेजारच्या पेल्याकडं बघत होता. पेला कोरडा होता.

“पाणी पण प्यायली?” त्यानं विचारलं.

हा प्रश्न त्यानं कुणाला विचारला ते उन्नतीला कळलं नाही. पण कोण, काय, कसं, यातलं एकही न विचारता बापानं हे विचारलं, तेव्हा तिला उमगलं. बापाला ठाऊक होतं. या घरात सहावं कोण जेवतं ते त्याला आधीपासून ठाऊक होतं.

“प्यायली,” कमळ म्हणाली. “ताट मीच मांडलं, पोरीचा हिशोब जुळावा म्हणून. तुमच्या आईनं मना सांगितलं होतं, रोजचा पयला भात कोठीच्या दाराशी ठेवायचा अन् मोजायचा न्हाय. पंचवीस-तीस वरसं ठेवला. दिवाळीला पोरीनं कुलूप काढलं तवा मी ठेवायचा बंद केला. दार उघडलं ना, मना वाटलं, आता आपल्या हातानं घेईल. अन् ती घेते.”

“कोण घेते, आई?” उन्नती म्हणाली.

“कमळ,” भाऊ म्हणाला. धमकीच्या सुरात सुरू झालेली हाक शेवटाला विनवणीची झाली.

“न्हाय अवो. आता बोलू द्या. पोरीच्या जिवावर आलंय.” कमळनं पदर खोचला. इतक्या वर्षांत तिला कुणी असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. “तुझी मोठी आत्या, हौसा. फोटो न्हाय तिचा घरात, नाव न्हाय. सातवी पास झाली होती, तालुक्यात पयली. मास्तर घरी येऊन बोल्ले, मास्तरणीच्या कालेजात घाला. तुझ्या आजोबांनी वळच्या घराला शब्द दिलेला. हौसा लग्नाला न्हाय बोल्ली. मग तिला कोठीत घातली. हो म्हणंस्तोवर जेवण न्हाय.”

“आणि?”

“अन् ती हो बोल्लीच न्हाय.”

प्रितम भिंतीला टेकून खाली बसला. उन्नतीला आठवलं की त्या खोलीत, त्या टेबलाशी, ती दिवाळीभर अभ्यासाला बसली होती. मागं कुणी उभं आहे असं वाटून ती कित्येकदा वळली होती, आणि पुस्तकाचं पान आपोआप उलटलं तर वाऱ्यानं उलटलं म्हणून सोडून दिलं होतं. त्या खोलीला खिडकी नव्हती.

“चावी कुणाकडं होती?” तिनं विचारलं. कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं बापाकडं बघूनच विचारलं होतं.

“माझ्याकडं,” भाऊ म्हणाला. “आबांनी माझ्या करगोट्याला बांधली. मी रोज तिला फटीतून पाणी पाजायचो. आईला, आबांना कळू न देता. भात जात नसे फटीतून, पाणी जायचं. वैशाखाचे दिवस. मग ठाण्याला कबड्डीचे सामने होते. आमचा संघ फायनलला गेला. मी रात्री तिकडंच राह्यलो.” तो थांबला. “चावी माझ्या कमरेलाच होती. मी जिंकून आलो, पोरी. सगळी नारपोली मना खांद्यावर घेऊन नाचली. मग घरी आलो.”

 उन्नतीला त्याचा राग आला, इतका की त्याला मारावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्याकडं बघवेनाही. हा तिचा बाप होता. तिच्या तापात रात्ररात्र बसलेला.

मग भाऊ एकदम उठला. भ्यालेला माणूस करतो तेच त्यानं केलं. “पोरीला या घरात ठेवायची न्हाय. गोदू, कळव तुझ्या दिराला. अक्षय तृतीया कशाला, येत्या आठवड्यात लगीन लावू. ती हिच्या मागं लागलीय. ही गेली की सुटेल.”

“मग तसंच करा,” कमळ म्हणाली. “कोठी मोकळीच हाय. हिला आत घाला अन् कुलूप लावा. चावी या खेपेला प्रितमला द्या.”

“आई!” प्रितम ओरडला. तो घाईनं उठून बहिणीच्या शेजारी येऊन उभा राहिला. “मला नको. भाऊ, मला कसली चावी नको, आणि ती जागा पण नको. ही जाईल कालेजात.”

राहिली गोदूआत्या.  स्टुलावरून उठताना तिला दाराचा आधार घ्यावा लागला. ती ओळीच्या टोकाशी गेली, रिकाम्या ताटापुढं बसली आणि ताटाच्या कडेला हात लावला.

“त्या घराला हौसा मागितली होती,” ती म्हणाली. “हौसा मेली तं गोदू दिली. तिचंच लुगडं नेसवून, तिच्याच हळदीत. मी कायसुदिक बोल्ली न्हाय. आयुष्यभर बोल्ली न्हाय. अन् आज सकाळी उठून, मीच इथं आयली, पुन्हा आपल्याच घरची पोर त्याच घराला मागाला.” तिनं मान वर करून भावाकडं पाहिलं. “मना कुणी धाडली रे भाऊ? मी काल रात्रीपावतो येणार नव्हती. सकाळी जाग आली तवा कुणीतरी कानाशी बोल्लं, भाऊकडं जा, जेवाला बस. मना वाटलं, मनाचाच खेळ.”

कौलांवर कावळा बसला असावा. नख्या सरकल्याचा आवाज झाला तसे सगळे दचकले.

“भूपेशला दुसरी पोरगी मिळंल,” आत्या म्हणाली. “मी माझा शब्द मागं घेते. तुझा तू बघ.”

आता भाऊच्या बाजूनं कुणीच उरलं नव्हतं. त्यानं खूप वेळ कोठीच्या उंबऱ्याकडं पाहिलं. मग माठातून पाण्याचा तांब्या भरून घेतला आणि पेल्याशी जाऊन टेकला. त्यानं पेला काठोकाठ भरला. तो कोठीतल्या काळोखाकडं बघून काहीतरी बोलायला लागला आणि नेमकी त्याच वेळी लाइट आली. पंखा फिरला, शेजारची शेड सुरू झाली, मग गल्ली, मग सगळी नारपोली पुन्हा खटखटायला लागली. भाऊचे ओठ हलताना दिसत होते. शब्द त्या आवाजात कुणाला ऐकू आले नाहीत, आणि उन्नतीला वाटलं की ते आपल्यासाठी नव्हतेच.

धुळवड झाली आणि उन्नती निघाली. प्रितम जीप काढत होता, तर भाऊ म्हणाला, नको, एसटीनं जाऊ दे, मी सोडतो हिला स्टँडवर.  त्या दुपारनंतर घरात कुणी मोठ्यानं बोलतच नव्हतं. पण जेवताना टोकाला पान असायचं, आणि ते भाऊ स्वतः वाढायचा.

स्टँडवर ठाण्याची गाडी लागलेलीच होती. गर्दी होती. भाऊ धोतराचा सोगा सावरत आधी चढला, कोपरानं वाट काढली आणि दोघांच्या बाकाची जागा धरली. खांद्यावरच्या टॉवेलनं त्यानं खिडकीकडची जागा पुसली. मग उन्नतीला अलीकडं बसवलं.

“भाऊ, मी खिडकीशी बसते ना.”

“तू इथं बस.”

कंडक्टर चिमटा वाजवत आला. “बोला काका, कुठं?”

“ठाणा. दोन.”

“तुम्ही पण येताय? मग बसून घ्या, उभे कशाला?”

“मी न्हाय. मी उतरतो.”

कंडक्टरनं उन्नतीकडं पाहिलं, तिच्या पलीकडच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. “मग दुसरं कुणाचं?”

“बहीन हाय माझी,” भाऊ म्हणाला. “कालेजात चाललीय.”

कंडक्टर काहीतरी बोलणार होता. पण त्यानं पुन्हा त्या जागेकडं पाहिलं, आणि या वेळी थोडं जास्त वेळ. मग तो नजर खाली घालून तिकिटं फाडायला लागला. उन्नती न सांगता थोडी आवरून बसली. तिला भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. पण आपल्यामुळं कुणाला तरी जागा मिळाली, याचं बरंही वाटत होतं.

भाऊ उतरून खिडकीखाली आला. त्याला आत हात घालता येत नव्हता, म्हणून त्यानं गजावर बोटं ठेवली. पोरीकडं त्यानं बघितलंच नाही.

“हौसे,” तो म्हणाला, “तिथं कुणी अडवलं तं माझं नाव सांग.”

कंडक्टरनं दोन तिकिटं उन्नतीच्या हातात दिली आणि घंटी मारली.